शेजारचा ठिपका

माझ्या नणंदेच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी नगण्य आहेत. भाजीत कमी पडलेलं मीठ, खिडकीतून येणारा गार वारा, सख्ख्या भावाचं मत आणि लांबलचक समीकरणातली शेवटची दोन पदं. हा शब्द ती इतक्या लहानपणापासून वापरते की घरात तिचं नावच 'नगण्य' पडलं. गणिताच्या पेपरात किती मार्क गेले असं वडिलांनी विचारलं, तेव्हा पहिल्यांदा तिने हे उत्तर दिलं होतं म्हणे. आणि ते खरं होतं, हेच तर दुखणं. ज्याची उत्तरं लहानपणापासून बरोबर येतात त्याच्याशी संसार करणं कठीण. संसार मी तिच्या भावाशी केला, पण प्रयोगशाळा तिच्याशीच.

आम्ही आधी मैत्रिणी, नणंद-भावजय नंतर. माझी अक्कलदाढ दुखत होती म्हणून तिने मला भावाच्या दवाखान्यात नेलं. भाऊ दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण एकट्यानेच बोलत राहायचं, ही त्याची धंद्यातली सवय, त्यामुळे सुरुवातीच्या भेटींत मला त्याला नाही म्हणायची संधीच मिळाली नाही. अक्कलदाढ गेली आणि नवरा आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मानायला नणंद अजून तयार नाही. तिची मर्जी असली की मी 'अगं' असते, बिनसलं की 'वहिनी'. मीही काही कमी नाही, माझं डोकं फिरलं की ती 'वन्सं' होते. आमच्या घरातलं हवामान हाकांवरून कळतं.

कामाला दोघी एकाच इमारतीत, एकाच सरांच्या हाताखाली. ती वरच्या मजल्यावर, उजेडाच्या खोलीत फळा, खडू आणि कुंडीतलं एक झाड घेऊन बसते आणि इलेक्ट्रॉनांनी कसं वागावं ते ठरवते. मी खाली तळघरात, पंपांच्या घरघरीत, ते तसं वागतात का ते बघते. ती हुशार आणि मी कष्टाळू, असा इमारतीत सर्वसाधारण समज आहे. तो कुणी पसरवला हे मला माहीत आहे.

आमचं काम समजायला अवघड नाही, लोक उगाच घाबरतात. नखाएवढ्या चकतीवर डोळ्यांना दिसणार नाहीत असे दोन ठिपके शेजारीशेजारी केलेले असतात. ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉनला बसायची खोली, आणि खोली इतकी अडचणीची की आत एका वेळी एकच मावतो. तो उठल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. प्रत्येक खोलीला येण्याचं एक दार, जाण्याचं एक दार. दार किती किलकिलं ठेवायचं ते मी बाहेरून व्होल्टेज कमीजास्त करून ठरवते. हे सगळं एका पुरुषभर उंच फ्रिजमध्ये ठेवायचं, इतक्या थंडीत की उष्णतेमुळे होणारी इलेक्ट्रॉनांची वळवळ जवळजवळ थांबावी. माझ्या माहेरी मुलगी फ्रिजचं काहीतरी करते एवढंच ठाऊक आहे. एकदा घरातला फ्रिज पाणी गाळायला लागला तेव्हा आईने मलाच फोन केला होता.

प्रवाह मोजणं त्या मानाने सोपं. पण प्रवाह म्हणजे सरासरी, आणि सरासरी मोठी लबाड असते. नवऱ्याच्या दवाखान्यात आठवड्याला साधारण तेवढेच पेशंट येतात. पण ते एकेक करून येतात, की सकाळभर माशा मारायच्या आणि दुपारी एकदम घोळका, हे सरासरीला विचारून कळत नाही. ते कळतं खरखरीवरून. प्रवाह वरून कितीही संथ दिसला तरी आत तो सतत थोडाथोडा थरथरत असतो, त्याला आम्ही खरखर म्हणतो. सगळी दुनिया खरखर काढून टाकायच्या मागे असते, आम्ही तीच जपून मोजतो. इलेक्ट्रॉन मनाला येईल तेव्हा, एकमेकांची फिकीर न करता आले, तर खरखरीचा आकडा एक. अडचणीच्या खोलीमुळे त्यांना रांगेने यावं लागलं, तर एकाच्या खाली. म्हणजे जितकी शिस्त जास्त तितका आकडा कमी.

माझा आकडा अडीच येत होता.

म्हणजे माझे इलेक्ट्रॉन घोळक्याने येत होते, आणि एकच मावणाऱ्या खोलीतून घोळका बाहेर पडायचं काही कारण नव्हतं. निदान नणंदेच्या सूत्रात तरी नव्हतं. जोडीने असलेल्या ठिपक्यांमधून प्रवाह गेला तर खरखर किती होईल, याचं ते सूत्र. सुटसुटीत, एका ओळीत मावणारं, छापून आलेलं. बाहेरचे लोक आपापल्या कामात ते वापरत होते आणि त्याच्याच जोरावर तिला एका मोठ्या संस्थेतून कायमच्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. सूत्र म्हणत होतं, आकडा एकाच्या वर जाणं शक्य नाही. मग हा अडीच कुठून आला? बाहेरून, असं सर म्हणाले. इमारतीतलं काहीतरी तुझ्या तारांत शिरतंय, ते शोध आणि काढ.

खरखर ठिपक्यांची असेल तर इतक्या वर्षांच्या कष्टांतून एक नवी गोष्ट हाती लागत होती, कुणाची उसनी नसलेली, माझी. ती बाहेरची असेल तर माझ्या प्रबंधात इतरांनी आधी केलेलं पुन्हा करून दाखवण्यापलीकडे काही उरत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, पण माझ्या तोंडची चव त्याने पळवली होती.

मग मी बंद करत सुटले. रविवारी इमारतीत माणसं कमी, म्हणून मोजायला रविवारची दुपार धरायची आणि सकाळपासून एकेक गोष्ट बंद करत यायचं. आधी दिवे, मग चार्जर, मग वर्कशॉपमधली यंत्रं. मग लिफ्ट. वरच्या मजल्यावरचे एक वयस्कर प्राध्यापक त्यामुळे जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले, वर जायचं की खाली ते ठरवायला त्यांना तिथे निवांत वेळ मिळे. पहारेकऱ्याचा रेडिओ बंद केला. स्वागतकक्षातल्या माशांच्या टाकीचा पंप बंद केला आणि मासे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी सरांची विजेची किटली. किटलीला आजवर कुणी हात लावलेला नव्हता. सरांनी तिची वायर स्वतःच्या हाताने काढून दिली आणि मग दुपारभर ते रिकामा कप समोर ठेवून बसले.

इमारतीत माझं नाव 'बंद करा' पडलं. मी जिन्यात दिसले की लोक न सांगता फोन बंद करायचे. नवऱ्याने तर एकदा मी घरात पाऊल टाकताच बोलणं बंद केलं, तेव्हा मला माझ्या कामाचा प्रथमच अभिमान वाटला. पण इतकं सगळं करून आकडा अडीचच. पालथ्या घड्यावर पाणी.

एका गोष्टीला मात्र मी हात लावला नव्हता. प्रवाह मी पहिल्या ठिपक्यातून मोजत होते, दुसरा नुसता शेजारी होता. त्याची दारं फार बारीक उघडी होती आणि ती तशीच राहू द्यायची असा आमच्याकडे नियम होता. कारण याच चकतीच्या जुळ्या बहिणीचं ते दार मी पूर्ण लावायला गेले, तेव्हा व्होल्टेजचा एक झटका बसून ती जागच्या जागी उडाली होती. असे ठिपके मागितले म्हणून मिळत नाहीत, करणाऱ्यांचेही दहातले नऊ फुकट जातात. तेव्हा चालत्या नमुन्याला डिवचायचं नाही, हे सरांचं वाक्य मी पाठ केलं होतं. शिवाय सूत्राप्रमाणे त्या ठिपक्याचा पहिल्याशी काही संबंधच नव्हता. दोघांच्या मध्ये दार नाही, भिंत आहे. इकडचा इलेक्ट्रॉन तिकडे जात नाही.

महिना संपत आला तसं सरांनी दोघींना बोलावलं. फ्रिज महिनाअखेरीला शेजारच्या गटाला द्यायचा होता, हे आधीपासून ठरलेलं होतं. द्यायचा म्हणजे आधी गरम करायचा, आणि एकदा गरम झालेला ठिपका पुन्हा थंड केला तर तोच राहत नाही, त्याच्या सवयी बदलतात. सर मायेने बोलत होते, त्यामुळे मला जास्तच राग येत होता. ते म्हणाले की मी साध्या प्रवाहाची मोजमापं घेऊन प्रबंध लिहावा, खरखरीचं प्रकरण सोडून द्यावं, परीक्षक काही म्हणणार नाहीत.

मी म्हटलं, सूत्रातच काही राहिलं असेल तर? सरांची किटली नेमकी तेव्हाच उकळून थांबली.

"वहिनी," नणंद म्हणाली, "आधी तुझ्या तारा तपास."

"तारा तपासून झाल्या, वन्सं. आता तुमची पदं तपासा."

त्यावर तिने सरांकडे बघत शांतपणे सांगितलं की शेजारच्या ठिपक्याचं पद तिने विचार करूनच गाळलं आहे. तिथे बसलेल्या इलेक्ट्रॉनचा भिंतीतून इकडे थोडा धक्का लागतो, नाही असं नाही, पण तो नगण्य आहे. मुलाखत तोंडावर आली म्हणून तुला ते तपासायचं नाही, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. गिळलं ते बरं झालं. सरांनी कुणाचीही बाजू घेतली नाही, त्यांनी तिघांना चहा ओतला आणि आम्ही दोघींनी तो तसाच ठेवला.

मग आमच्यात बोलणं बंद झालं. एका घरात राहून न बोलणं याला चिकाटी लागते, आणि ती आम्हा दोघींकडे कामामुळे भरपूर आहे. जेवायच्या टेबलावर नवरा मध्ये बसे आणि मीठ त्याच्यामार्फत जाई. तिला सांग, भात उरलाय. तिला विचार, तिला हवाय का. त्याला दोन्हीकडून निरोप पोचवता पोचवता स्वतःचा घास तोंडात घालायला वेळ मिळेना. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायची आणि घरी आल्यावर आपलं उघडायची सोय नाही, असं तो म्हणाला. दोघींपैकी कुणी हसलं नाही. हसायला आलं होतं, पण ती आधी हसेल म्हणून मी थांबले आणि मी हसेन म्हणून ती थांबली असावी.

मला ती आठवत होती, हे सांगून टाकते. तळघरात काही गंमत झाली की मी सवयीने जिन्याकडे वळायची आणि दोन पायऱ्या चढून परत यायची. ती वर काय करत होती देव जाणे. तिच्या बाह्या खडूने पांढऱ्या होऊन यायच्या आणि केसांतही खडू असायचा. मुलाखतीची तयारी जोरात चालली आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि आणखी चिडले.

शेवटचा रविवार उजाडला. मी नेहमीप्रमाणे इमारत बंद केली, प्राध्यापकांना त्यांच्या खुर्चीसकट जिन्यात सोडलं, माशांची क्षमा मागितली आणि खाली येऊन बसले. आता नवं काही करायचं नव्हतं. तोच अडीच आणखी एकदा मोजायचा आणि उद्या फ्रिज गरम करायला लावायचा.

जिन्यात पावलं वाजली. नणंद होती. दाराबाहेरच्या टोपलीत तिने आपला फोन बंद करून ठेवला, घड्याळ काढून ठेवलं, आणि मी न सांगता घड्याळही काढणारी ती इमारतीतली पहिली व्यक्ती. आत येऊन ती पंपाशेजारी उभी राहिली.

"अगं," ती म्हणाली.

त्या एका हाकेने माझा अर्धा राग उतरला, अर्धा मी धरून ठेवला. काय, असं मी स्क्रीनकडेच बघत विचारलं.

तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी सरांच्या खोलीतून ती गेली ती मला कायमची गप्प करायची असं ठरवून. गाळलेलं पद तिने परत सूत्रात घातलं, या वेळी काहीही न गाळता सगळं गणित पहिल्यापासून केलं, म्हणजे शेवटी ते पद किती क्षुल्लक आहे हे आकड्यानिशी माझ्यासमोर ठेवता येईल. तो आकडा भावामार्फत, मिठाबरोबर पाठवायचा तिचा विचार होता. एक फळा भरला, दुसरा भरला. उत्तर क्षुल्लक येईना. तिला वाटलं चूक झाली. पुन्हा केलं. मुलाखतीची तयारी राहिली बाजूला, हेच चाललं होतं.

"धक्का लहानच आहे," ती म्हणाली. "पण मी तो भिंतीशी ताडून बघितला. भिंतीपुढे तो काहीच नाही. ताडायला हवा होता दाराशी. तुझं दार इतकं किलकिलं आहे की तेवढ्या धक्क्याने ते लागतं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही, कारण माझ्या ठिपक्यांना मी ओळखते. शेजारच्या ठिपक्याची दारं फार बारीक. तिथे इलेक्ट्रॉन एकदा येऊन बसला की उठत नाही, जरा टेकतो म्हणून आलेल्या पाहुण्याने मुक्काम ठोकावा तसा. तो तिथे बसून असेपर्यंत त्याच्या धक्क्याने इकडची वाट बंद. माझे बिचारे ताटकळत उभे. तो कंटाळून गेला की इकडे एकामागून एक धडाधड सुटतात, दुसरा पाहुणा येईपर्यंत. एकेकच येतात, पण थांबून थांबून, झुंडीने. मध्ये दार नसताना, एकमेकांकडे कधी न जाता, एक जण दुसऱ्याचा दिवस ठरवतो.

"तुझ्या गणितात आकडा किती येतो?" मी विचारलं.

"अडीचच्या जवळपास."

गणित जुळलं म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असं नाही, हे ती मला शिकवणार नव्हती आणि मी तिला. सिद्ध करायचा मार्ग एकच होता, आणि तो दोघींना दिसत होता. सगळी इमारत बंद करून झाली होती, एक सोडून.

"शेजारचा ठिपका बंद कर," ती म्हणाली. "खरखर शेजाऱ्यामुळे असेल तर आकडा खाली येईल. बाहेरची असेल तर तशीच राहील."

"आणि नमुना उडाला तर?"

"तर सरांना मी सांगेन की मी करायला लावलं."

"आणि आकडा खाली आला तर?"

तिने बाहीवरचा खडू झटकला. "तर सूत्र चुकलं असं सांगेन. तेही मीच."

मी व्होल्टेजच्या बटणावर हात ठेवला. मी हळूहळू दार लोटायला लागले. थोडं लोटायचं, थांबायचं, प्रवाहाकडे बघायचं, पुन्हा थोडं. मध्येच प्रवाहाने एक उडी मारली आणि रेषा स्क्रीनच्या वर निघून गेली. जुळी बहीण गेली तेव्हा अस्संच झालं होतं. माझं बोट मागे यायला लागलं, पण नणंदेने माझं मनगट धरून ठेवलं, ना पुढे ना मागे. थांब, असं तिच्या ओठांवरून दिसलं, आवाज आला नाही. रेषा वरच घुटमळली, मग खाली आली आणि पूर्वीच्या जागी स्थिर झाली. आम्ही श्वास घेतला. आणखी थोडं लोटलं आणि शेजारचं दार लागलं.

खरखर मोजायला वेळ लागतो, पुष्कळ वेळ ऐकत राहावं तेव्हा एक बिंदू पडतो. पहिला बिंदू पडला तो इतका खाली की मला वाटलं तार निसटली. दुसरा त्याच्या शेजारी पडला, तिसराही. आकडा एकाच्या खाली होता. इतके दिवस दंगा करणारे माझे इलेक्ट्रॉन शाळेतल्या मुलांसारखे रांगेने चालले होते.

मी उठून उभी राहिले. ओरडावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं. खरखर माझी होती. लिफ्टची नव्हती, किटलीची नव्हती, रेडिओची नव्हती, माझ्या तारांची तर मुळीच नव्हती. मी नणंदेकडे वळले आणि तिचा चेहरा बघून माझा आनंद निम्म्यावर थांबला. ती हसत होती, खरंच हसत होती, पण डोळे आपल्या सूत्राचे काय हाल झाले ते बघत होते.

"पुन्हा उघड," ती म्हणाली. "एकदा आलं म्हणजे काही नाही."

मी दार उघडलं, आकडा अडीचवर गेला. लावलं, खाली आला. तिने मला आणखी एकदा करायला लावलं. स्वतःची चूक सिद्ध करतानाही ती तसूभर कुचराई करायला तयार नव्हती. या बाईशी मी बोलणं टाकलं होतं, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली की तिला बोलणं टाकल्याचं काही नाही, पण त्यामुळे भावाचे विनोद दोघींना वाटून घेता आले नाहीत, सगळे एकटीने सोसावे लागले.

"आता सगळं चालू कर," ती म्हणाली.

बंद करत मी इमारतभर पुष्कळदा फिरले होते, चालू करत दोघी मिळून पहिल्यांदाच फिरलो. मासे पंपाच्या बुडबुड्यांकडे धावले. पहारेकऱ्याच्या रेडिओवर कुणीतरी बातम्या देत होतं. प्राध्यापक लिफ्टमध्ये शिरताना म्हणाले की जिनाही काही वाईट नव्हता. शेवटी सरांची खोली. सर घरी होते. त्यांना फोन केला तर ते आधी नमुना शाबूत आहे का ते विचारून रागावले, मग आकडा ऐकून म्हणाले की शेजारच्या गटाला फ्रिजसाठी थोडं थांबायला सांगतो. आणि कप धुऊन ठेवा.

किटली उकळली. मी दोन कप भरले. खिडकीतून ऊन सरांच्या टेबलावर आलं होतं आणि त्यात नणंदेच्या केसांतला खडू दिसत होता. मुलाखत त्याच आठवड्यात होती. तिथे तिला ज्या सूत्रावर बोलायचं होतं, ते आम्ही दुपारी दोघींनी मिळून खाली तळघरात मोडून आलो होतो. मी विचारलं, तू तिथे काय करणार?

"काय करणार, फळ्यापाशी उभी राहीन आणि सूत्र कुठे चुकतं ते सांगेन. तुझा आलेख दाखवीन. तुझी परवानगी असेल तर."

"आणि नोकरी?" मी म्हटलं. "तिथल्या लोकांना काय वाटेल?"

तिने कपावर फुंकर घातली. कप दोन्ही हातांनी धरला होता तरी चहा थरथरत होता.

"नगण्य," ती म्हणाली.

आजवर हा शब्द तिच्या तोंडून ऐकला की मी भांडायला उठत असे, आणि बहुतेक वेळा हरत असे. या वेळी तिचं उत्तर चुकीचं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तिलाही. भांडायला जीभ उचलली नाही. मी किटली उचलली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला. तिने पुरे म्हटलं, तरी ओतत राहिले.